एका बाजूने घासलेली तलवार

कानाझावा,
१२ एप्रिल १९८७

चि. इसो हिला ताईचे आशीर्वाद.

पत्राच्या सुरुवातीला फुलांबद्दल लिहायचं असतं म्हणून लिहिते, की आमच्याकडची चेरी फुलली आणि परवाच्या वाऱ्यात झडूनही गेली. तुमच्या हाकोदातेला अजून कळ्याच असतील. झाली रीत पुरी. माझे गुडघे बरे आहेत. सूनबाईने, योशिएने, अन्न गरम करायची विजेची पेटी आणली आहे. त्यातला भात वरून गार आणि आतून चटका देणारा निघतो. मी त्या पेटीकडे पाठ करून बसत नाही, मला तिचा भरवसा वाटत नाही.

आता खरी बातमी. इसो, मी तलवार विकत घेतली.

हस खुशाल. योशिए हसली नाही, तिने आधी दार लावून घेतलं. मुलगा म्हणाला, "आई, तुला कुणाला मारायचंय?" मी म्हटलं, अजून ठरवलं नाही, तू जेवायला वेळेवर येत जा.

देवळाच्या उतारावरच्या निवाच्या जुन्या मालाच्या दुकानाबद्दल मी तुला दर पत्रात सांगत असतेच. तिथे मी लोणच्याच्या पिंपावर ठेवायला दगड घ्यायला गेले होते. आमचा जुना दगड फुटला. दगड कसा फुटतो हेही मला पटलेलं नाही, पण योशिए म्हणते आपोआप फुटला. असो. तर निवाने मला चहा दिला. वीस वर्षांत त्या माणसाने मला पाणी विचारलं नाही, आणि परवा भाजक्या देठांचा चहा, तोही गरम. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

टेबलावर पांढऱ्या फडक्यावर तलवार ठेवलेली. मूठसुद्धा उतरवलेली, म्हणजे ती बिचारी अंघोळीला बसल्यासारखी उघडी. मूठ अडकवायची बांबूची खुंटी बाजूला काढून ठेवलेली. दुकानात मूठ कोण काढून ठेवतं, सांग. गिऱ्हाइकाने फार मिनतवारी केली तर दाखवतात. त्यातच ओसाकाचा एक टाय लावलेला माणूस आला, त्याने किंमत विचारली, तर निवा म्हणाला, ही विकायची नाही. तो गेला. मग मी सहज म्हटलं, केवढ्याची आहे, तर म्हणे नव्वद हजार येन. मी साठ म्हटलं. तो "बरं" म्हणाला.

किटलीच्या झाकणासाठी हा माणूस माझ्याशी अर्धा तास भांडतो. तलवारीला एका शब्दात बरं. यात काहीतरी काळंबेरं आहे की नाही?

मग घेतलीस कशाला, असं तू म्हणशील. आवडली म्हणून घेतली. वर्खाच्या कारखान्यात चाळीस वर्षं श्वास धरून सोन्याचे पापुद्रे उचलले, त्यातले थोडे पैसे माझे स्वतःचे आहेत. लोकांच्या बायका किमोनो घेतात.

तलवारीबरोबर नोंदणीचा कागद आला. तो नसेल तर पोलीस नेतात. तलवारींची नोंद शिक्षण खात्यात होते हे मला आत्ता कळलं. मला शाळेने सहावीनंतर सोडलं आणि आता सत्तराव्या वर्षी तलवारीमुळे शिक्षण खात्यात माझं नाव लागणार. मालक बदलल्याचं वीस दिवसांत कळवावं लागतं, ते योशिए लिहिणार आहे, अवघड अक्षरं मला येत नाहीत. कागदावर लांबी, खुंटीची भोकं किती, नाव कोरलेलं आहे का, सगळं असतं. मी शिवणाच्या टेपने मोजून पाहिलं. लांबी बरोबर. भोकं दोन, बरोबर. सगळंच बरोबर निघालं तेव्हा मला आणखी संशय आला. खऱ्या वस्तूत थोडीतरी चूक असते.

आणि शिक्का होक्काइदोचा आहे, इसो. साल १९५१. तुमच्या तिकडचा.

आपल्या घरीही एक तलवार होती, तुला आठवते का? तू सहा वर्षांची होतीस, नसेलही आठवत. बाबांनी ती विकली असं आईने मला सांगितलं होतं. ही तीच आहे का, एवढंच मला समजून घ्यायचं आहे. दुसरं काही नको. किंमत नको, कुठल्या मोठ्या माणसाच्या हातातली नको. आपल्या घरातली आहे की नाही, हो की नाही, एवढंच. तुला काही माहीत असेल तर लिही. नेहमीसारखी नुसती नव्या वर्षाच्या चार ओळींची वाट बघायला लावू नकोस.

बांबूचे कोंब यंदा कडू आहेत.

तुझी ताई,
तोमे


कानाझावा,
३ मे १९८७

चि. इसोस आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझं अक्षर नाही. आजारी आहेस का? आजारी असलीस तर शेजारणीकडून कळव. नसलीस तर तुला माझ्याशी बोलायचं नाही असं समजेन. मग मीच बोलते, तुझी कधी हरकत नसते.

तलवार घेऊन मी शिकलगाराकडे गेले. मुरोया त्यांचं नाव, नदीपलीकडे राहतात, माझ्याच वयाचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकिडवे बसून पात्याला दगडावर पाजळतात आणि गुडघे एकदम शाबूत. मी विचारलं काय लावता, तर म्हणे काही नाही. यावर माझा विश्वास नाही.

त्यांनी तलवार हातात घेण्याआधी तिला नमस्कार केला, मग मूठ उतरवली, आणि मुठीत जाणारा लोखंडी दांडा उजेडाकडे धरला. पात्याकडे पाहिलंच नाही. मी म्हटलं, गुरुजी, धारदार बाजू इकडे आहे. ते म्हणाले, "आजी, पातं सगळेच चमकवतात. मी आधी गंज वाचतो."

तुला माहीतच असेल, तरी सांगते. दांड्यावरचा गंज कधी काढायचा नाही. पात्याला लवंगेचं तेल लावायचं, पावडरची पुरचुंडी टपटप मारायची, मऊ कागदाने पुसायचं, पण मुठीआडचा तो काळा गंज म्हणजे तलवारीचं वय, तिचा जन्मदाखला. तो गेला की पाचशे वर्षांची तलवार आणि परवाची तलवार एकच. अगदी अडाणी माणसालाही हे ठाऊक असतं. म्हणजे मोठ्या माणसाला. लहान मुलाला कोण सांगतं?

तर ह्या तलवारीच्या दांड्याची एक बाजू घासलेली आहे. दुसरी बाजू जशीच्या तशी, काळी, मखमलीसारखी. मुरोयांनी भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिलं. घासलेल्या बाजूवर बहुतेक साल कोरलेलं होतं, ते पुसट झालंय, नुसत्या रेघा उरल्यात. असल्या तलवारीला जाणकारांच्या मंडळाचं प्रमाणपत्र मिळणं कठीण, म्हणाले. मग म्हणाले, घासणाऱ्याचा हात छोटा होता, घासे आखूड आहेत, जोर खूप आहे पण आवाका नाही. कशाने घासलं असावं, याचा विचार करत बसले. मी म्हटलं, पेंढ्याची राख आणि दगडाची पूड असेल.

त्यांनी भिंगावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्या लहानपणी सगळं त्यानेच घासायचे, तवे, हंडे, सगळं. ते हो म्हणाले. पण त्या हो मध्ये काहीतरी होतं. हा माणूस दिसतो तसा साधा नाही.

मग त्यांनी काळ्या बाजूवर पातळ कागद ठेवला, वरून शाईची वडी हलक्या हाताने फिरवली, आणि कागदावर अक्षरं उमटली. लोहाराचं नाव. आपल्याच कागा प्रांतातला, फार मोठा नव्हे, पण पोटापाण्यापुरता चांगला, असं म्हणाले. नाव शाबूत आहे. मी तो कागद घडी न घालता घरी आणला, देव्हाऱ्यात ठेवला. योशिए म्हणाली, देवांना काय वाटेल. मी म्हटलं, देवांनी यापेक्षा वाईट पाहिलंय.

तिथून मी तडक निवाकडे. त्याला म्हटलं, ही तुझ्याकडे कुठून आली ते सांग. तो म्हणाला, धंद्यात असं सांगत नाहीत. मी म्हटलं, चोरीचा माल आहे का. तो हसला. इसो, मी चोर म्हटलं आणि तो हसला, आणि पुन्हा चहा दिला. योशिएने फॉर्म भरला होता, त्यात आधीचा मालक कोण ते लिहायचं असतं. त्याने स्वतःचंच नाव लिहिलं, शिक्का मारला, आणि फॉर्म पाकिटात घालून स्वतःच चिकटवला. मी पुन्हा उघडू नये म्हणून. मी उघडला. तेच नाव होतं. तरीही.

जाताना मला म्हणाला, "आजी, तुम्ही तिला बघितल्या बघितल्या खाली का बसलात हो?"

मी बसले होते खरी. गुडघा दुखला म्हणून. मागच्या पत्रात मी गुडघे बरे आहेत लिहिलं, ते तुला काळजी नको म्हणून.

आता सरळच विचारते. शिक्का होक्काइदोचा. आपले हाकोदातेचे काका १९५१ साली जिवंत होते. तुला त्यांच्याकडे पाठवलं त्याच महिन्यात आपल्या घरातली तलवारही दिसेनाशी झाली. आई म्हणाली भंगारवाल्याला विकली. मी बारा वर्षांची होते, मी तेव्हा काहीच विचारलं नाही. विचारणं माझ्या सोयीचं नव्हतं. बाबांनी ती तुझ्याबरोबर काकांना दिली होती का? तुझ्या खाण्यापिण्यापोटी? आणि ती इतकी वर्षं तुझ्या घरात होती का? मग माझ्या उतारावरच्या दुकानात ती कशी येते? तू विकलीस का? का विकलीस? मी दर महिन्याला पाच पाच पानं लिहिते, आणि तू घरात तलवार घेऊन गप्प बसलीस?

रागावले नाही. नुसतं वाटतं की सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मलाच कुणी सांगत नाही.

लवकर लिही.

तोमे


कानाझावा,
२४ मे १९८७

इसो,

तुझं पोस्टकार्ड आलं. योशिएने माझ्याआधी वाचलं असणार, कारण तिने मला न विचारता चहा केला. सध्या जो तो मला चहाच पाजतो.

तीन ओळी लिहिल्यास. "तलवार काकांनी मरताना मला दिली. तुझ्या त्या निवाला मीच पाठवली आणि लिहिलं की किटलीच्या झाकणासाठी भांडणारी म्हातारी येईल, तिच्याशिवाय कुणाला देऊ नये, मूठ काढून ठेवावी. तू ओळखलीस का?"

म्हणजे माझाच संशय बरोबर होता. चहा, मूठ, तो ओसाकाचा माणूस, झटकन म्हटलेलं बरं, सगळं. फक्त चोर मी भलताच धरला. निवाकडे गेले, त्याला म्हटलं, तू मला सांगितलं का नाहीस. म्हणाला, तुमच्या बहिणीने चार पानी पत्र लिहिलं होतं, सांगू नका म्हणून. चार पानी. मला अठ्ठावन्न वर्षांत तू चार पानी लिहिलं नाहीस, आणि त्या मेल्याला लिहिलंस. दगड मात्र त्याने फुकट दिला. तो घरी आणून तोलून पाहिला, हलका आहे.

ओळखली, इसो. पाहिल्याबरोबर ओळखली. घासलेली बाजू वर होती.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही, तो मेला तरी नाही. आज योशिएला बाजारात पाठवलं आहे आणि लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

त्या दिवशी गिऱ्हाईक येणार होतं. तलवार विकून बाबा मागचं देणं फेडणार होते आणि तुला शाळेत घालणार होते. आईने सांगितलं, घर आरशासारखं ठेव, पाहुणे मोठे आहेत. मी सगळं घासलं. उंबरा घासला, किटली घासली, देव्हाऱ्याची घंटा घासली. मग बाबांनी मूठ काढून ठेवलेली तलवार दिसली. मला वाटलं, एवढी सुंदर वस्तू आणि बुडाला एवढा गंज, पाहुणे काय म्हणतील, या घरातल्या मुली काय करतात. मी राख घेतली, दगडाची पूड घेतली आणि घासायला लागले. खूप बरं वाटत होतं. लोखंड उजळत होतं. मी एक बाजू केली आणि तलवार उलटी केली.

तेव्हा तू आलीस. सहा वर्षांची तू. तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. तू बाबांच्या मांडीवर बसून ऐकायचीस, मला कामातून वेळ कुठे असायचा. तू म्हणालीस, "ताई, तिथे हात लावायचा नाही." मी ऐकलं नाही. तू माझ्या हातातली चिंधी ओढलीस. मी ओढली, तू ओढलीस. तेवढ्यात बाबांची चाहूल लागली, मी चिंधी सोडून माजघरात पळाले. तू तिथेच चिंधी हातात धरून उभी. राखेने काळे झालेले हात तुझे होते. माझे मी घंटा पुसायच्या ओल्या फडक्याला पुसले होते.

पाहुण्यांनी दांडा पाहिला, तलवार खाली ठेवली, चहा प्यायला, पावसापाण्याचं बोलले आणि वाकून नमस्कार करून गेले. किंमतसुद्धा सांगितली नाही.

मग बाबांनी तुला डाग दिले. वाळक्या पाल्याची तीन बोंडं पाठीवर ठेवून पेटवली. ती जळून विझेपर्यंत हलायचं नाही. मी दाराआड उभी होते. तू रडलीस, पण माझं नाव घेतलं नाहीस. आजही कळत नाही का नाही घेतलंस. मला वाटायचं, लहान आहे, तिला सुचलं नसेल. मग पुढच्या महिन्यात तुला काकांकडे पाठवलं, आणि शाळा नाही, काही नाही, त्यांचे स्क्विड मासे सुकवायला लावलं. मला वाटायचं, तिकडे खायला तरी मिळत असेल. असं काही ना काही मला वाटत राहिलं. वाटून घेणं सोपं असतं.

आईच्या दहनानंतर आपण दोघी सार्वजनिक अंघोळीच्या घरात गेलो होतो, आठवतं? तू पाठ माझ्याकडे केलीस. मी साबण लावला, तीन डाग दिसले, नाण्याएवढे. मी त्यांच्या कडेकडेने घासत होते. तू मागे न बघता म्हणालीस, "जोरात घास की ताई, तुला सवय आहे."

तेव्हाच मला कळलं, तुला माहीत आहे. तुला सगळं माहीत आहे आणि तू वाट बघते आहेस. मी काय बोलले? मी म्हटलं, पाणी गरम आहे नाही का. तेवीस वर्षं झाली त्याला. त्यानंतर दर महिन्याला पाच पानं लिहिते, लोणच्याबद्दल आणि सुनेबद्दल.

मी जगात सगळ्यांवर संशय घेते, हे तू हसून सगळ्यांना सांगतेस, मला ठाऊक आहे. ज्या घरात खरा गुन्हेगार आपणच असतो तिथे माणूस दुसऱ्यांच्याच खिशांवर नजर ठेवतो.

मी मुरोयांकडे पुन्हा गेले. सगळं सांगितलं. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही, त्या दिवशी पेंढ्याची राख म्हटलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. त्यांनी काळी बाजू वर केली आणि बोटाने दाखवलं. घासायची सुरुवात त्या बाजूलाही झालेली आहे, टोकाशी, नखाएवढी. तिथेच थांबली आहे. नावाच्या अक्षरापर्यंत अजून अर्धं बोट अंतर होतं.

म्हणाले, "ज्याने हा हात थांबवला, त्याने ही तलवार वाचवली. नाव गेलं असतं तर ही आज कुणाचीच नसती."

मी तिथे रडले. शिकलगाराच्या घरी, दगड भिजवायच्या पाण्यात पाय घालून.

जुनं म्यान किडीने खाल्लं होतं, म्हणून त्यांनी पांढऱ्या लाकडाचं साधं म्यान करवून घेतलं. अशा म्यानावर शाईने लिहायची पद्धत आहे. लोहाराचं नाव, लांबी, कुणाच्या घरातली, जाणकाराचं मत. ते लिहायला बसले तेव्हा मी म्हटलं, आणखी एक ओळ हवी. मी सांगितली. त्यांनी कुंचला खाली ठेवला. म्हणाले, असं म्यानावर कुणी लिहीत नाही, पुढची शंभर दोनशे वर्षं लोक वाचतील, घराण्याचं नाव जाईल. मी म्हटलं, घराणं म्हणजे आता मी आणि ती. तिचं जायचं ते अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच गेलं. आता माझं जाऊ दे.

त्यांनी लिहिलं. मला ती अवघड अक्षरं वाचता येत नाहीत. मला शंका आली की म्हातारा माझ्यावर दया करून भलतंच लिहील. म्हणून आधी त्यांना वाचायला लावलं. मग घरी योशिएला. मग टपालवाल्याला दारात थांबवून. तिघांनीही एकच वाचलं:

"१९२९ साली थोरली मुलगी तोमे हिने अज्ञानाने एक बाजू घासली. धाकटी इसो हिने तिचा हात धरला, म्हणून लोहाराचं नाव राहिलं. शिक्षा मात्र इसोला झाली."

टपालवाला टोपी काढून उभा राहिला. योशिएने रात्री माझ्या पुढ्यात भात ठेवला तो त्या पेटीतला नव्हता, चुलीवरचा होता.

तलवार टपालाने पाठवत नाहीत म्हणे, आणि पाठवत असते तरी मी टपालवाल्यावर सोडली नसती, वाचल्यापासून तर नाहीच. मी स्वतः घेऊन येते. मालकाचं नाव पुन्हा बदलायचा फॉर्म योशिएने भरला आहे, नवीन मालक म्हणून तुझं नाव आहे, फक्त तुझा शिक्का हवा. आओमोरीहून शनिवारी दुपारच्या बोटीने निघते. बंदरावर येऊ नकोस असं लिहिणार होते, तू दमशील म्हणून. पण ते खोटं आहे. ये. तू समोर असताना मला हे तोंडाने म्हणायचं आहे, लिहिणं पुरेसं नाही, हे लिहितानाच कळतंय.

माफ कर असं म्हणत नाही. ते तुझं काम, तू करायचं तेव्हा कर, किंवा करू नकोस.

जिचे डाग तुझ्या पाठीवर आहेत, ती
तोमे